साठीनंतरची कनू-सफर: काय सोडायचं, काय ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय ६३, पत्नीचं ६०. अनेक वर्षं दोघं मिळून तळ्यातळ्यांतून आठ-दहा दिवसांच्या कनू-सफरी (कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, उघडी होडी) करत आलात. गेल्या वेळी पोर्टेजवर, म्हणजे दोन तळ्यांमधली वाट कनू आणि सामान उचलून चालताना, गुडघा सुजला, खांदा रात्रभर ठणकला आणि शेवटचे दोन दिवस कसेबसे उरकले. आता हलकी कनू घेतली की भागेल, की थांबावं?

थांबू नका. पण नुसत्या हलक्या कनूनेही भागणार नाही. सफरीचा आराखडाच बदलावा लागेल, आणि त्याचं सूत्र एका ओळीचं आहे: किलोमीटर कमी करा, दिवस कमी करू नका. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. दहा दिवसांची सफर पाचवर आणतात आणि रोजचं अंतर तेवढंच ठेवतात. ‘पाचच दिवस तर आहेत’ म्हणत काही जण ते वाढवतातसुद्धा. साठीनंतर शरीर तक्रार करतं ते सफर लांबल्याबद्दल नाही, कालची झीज भरून यायच्या आत आजचं ओझं चढवल्याबद्दल. मी स्वतः सत्तरीला टेकलोय आणि माझ्याबरोबर येणारेही बहुतेक साठीपुढचेच असतात, तेव्हा हे पुस्तकी नाही.

आधी नेमकं काय जातं ते पाहू. तिशीनंतर स्नायूंचं वस्तुमान दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हे आकडे सगळ्यांना माहीत असतात. कमी बोललं जातं ते असं, की ताकदीच्याही आधी झटकन ताकद लावण्याची क्षमता जाते. वल्हवायला झटका लागत नाही. एका लयीत, बसल्या जागी, अंगाचं वजन पाण्यावर सोपवून करायचं काम आहे ते. म्हणूनच ऐंशीच्या घरातली माणसंही दिवसभर वल्हवताना दिसतात. झटका लागतो तो कनू डोक्यावर घेताना, घसरलेला पाय सावरताना, ओल्या दगडावरून किनाऱ्यावर चढताना. म्हणजे तुमचा त्रास पाण्यावर नाही, पाणी संपतं तिथे आहे. उपायही तिथेच करायचे.

पोर्टेजचं गणित एकदा कागदावर मांडाच. दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर सगळं सामान एका फेरीत गेलं तर चाल नकाशावर दिसते तेवढीच. दोन फेऱ्या केल्यात तर ओझं घेऊन जाणं, रिकामं परतणं, पुन्हा ओझं घेऊन जाणं, म्हणजे तिप्पट. तीन फेऱ्यांना पाचपट. नकाशावर दिवसाची पोर्टेज मिळून ४ किलोमीटर दिसत असतील, तर दोन फेऱ्यांत ती १२ किलोमीटरची चाल होते आणि त्यातले ८ किलोमीटर ओझ्याखाली. अमेरिकेतल्या बाउंड्री वॉटर्स या तळ्यांच्या प्रदेशाच्या नकाशांवर पोर्टेज ‘रॉड’मध्ये दिलेली असतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. ३२० रॉडचा एक मैल. ‘अवघे शंभर रॉड’ ऐकायला बरं वाटतं, पण तो अर्धा किलोमीटर आहे आणि दोन फेऱ्यांत दीड. तरुणपणी फेऱ्या कमी करण्यासाठी आपण ओझं वाढवतो. आता उलट करायचं: ओझं निम्मं, फेऱ्या दोन, आणि मार्ग असा निवडायचा की दिवसाची पोर्टेज मिळून दीड किलोमीटरच्या वर जाणार नाहीत. माझा आडाखा तरी हाच आहे.

फेऱ्यांचीही एक पद्धत आहे. कनू फक्त अर्ध्या वाटेपर्यंत न्या आणि ठेवा. रिकामे मागे या. सॅक उचलून थेट टोकापर्यंत न्या. तिथून रिकामे अर्ध्यापर्यंत परत येऊन कनू उचला. एकूण चाल तिप्पटच राहते, फुकट काहीच मिळत नाही. पण कनू सलग पूर्ण वाट डोक्यावर राहत नाही, आणि मधल्या रिकाम्या चालीत मान-खांदे सुटतात. कपाळावरून ओझं तोलायचा पट्टा वापरत असाल आणि मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, तर तो पट्टा आता कोणा तरुणाला देऊन टाका.

आता हलक्या कनूकडे. फरक खराच मोठा आहे. १७ फुटी ॲल्युमिनियमची कनू ३४ किलोच्या आसपास भरते, त्याच लांबीची केव्हलरची (चिवट, हलका कृत्रिम धागा) १९-२०. लाकूड आणि कॅनव्हासची पारंपरिक कनू तर पाणी पिऊन सफरीच्या शेवटी आणखी जड होते. पण केव्हलरच्या अतिहलक्या बांधणीची एक अट असते, जी विकणारा हळू आवाजात सांगतो: ती खडकावर घासत लावायची नाही. कनू तरंगती ठेवून आधी आपण पाण्यात उतरायचं. म्हणजे पोर्टेजवर वाचवलेल्या चौदा किलोंच्या बदल्यात दिवसातून सहा-आठ वेळा शेवाळलेल्या दगडांवर, दिसत नसलेल्या तळावर पाय टाकायचा. ज्याचा खांदा दुखतो त्याला हा सौदा परवडतो. ज्याचा तोल गेला आहे त्याला परवडत नाही. तुमचं दोन्ही थोडं थोडं आहे, म्हणून उतरण्याची रीत नव्याने बसवावी लागेल.

ती अशी. कनू नाकासमोर किनाऱ्यात घुसवायची नाही, किनाऱ्याला समांतर आणायची, नडगीभर पाणी असेल तिथे. मागचा माणूस वल्हं तळाला टेकवून कनू स्थिर धरतो आणि जागचा हलत नाही. दोघं एकाच वेळी उठले की हमखास आंघोळ. पुढचा माणूस काठी आधी पाण्यात रोवतो. ही चालण्याची काठी पुढच्या सीटखाली इलॅस्टिकच्या फासात अडकवलेली असावी, सॅकमध्ये कोंबलेली नको. मग एक पाय कनूला अगदी लागून खाली टाकायचा, टाच दाबून दगड हलतो का पाहायचं, आणि पाय पक्का बसल्याशिवाय त्यावर वजन द्यायचं नाही. वजन पूर्ण गेल्यावरच दुसरा पाय बाहेर. उतरलेल्याने कनूची कड धरल्यावर मागच्याची पाळी. सगळ्याला अर्धा मिनिट जास्त लागतो. पायात घोट्यापर्यंतचे, जाड तळव्याचे, पाणी निथळणारे बूट हवेत. सँडल तंबूपाशी ठीक आहेत.

कनू डोक्यावर घ्यायचीही दोघांची रीत ठेवा. एकट्याने मांडीवर घेऊन गर्रकन डोक्यावर फिरवणं छान दिसतं, पण खांद्याचे रोटेटर कफचे स्नायूबंध तिथेच फाटतात. साठीनंतर त्यातले बरेच आधीच विरलेले असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. कनू उपडी करा. एकाने पुढचं टोक दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरायचं, मागचं टोक जमिनीवरच राहू द्यायचं. दुसऱ्याने खालून चालत येऊन मधलं जू, म्हणजे कनूच्या मध्यावरचा आडवा दांडा, खांद्यांवर घ्यायचं, नीट बसलं की ‘हां’ म्हणायचं, मग पहिल्याने हात सोडायचा. उचलणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम निम्मं वजन येतं आणि झटका कोणालाच बसत नाही. उतरवतानाही हेच, उलट्या क्रमाने. आणि कनूखालच्या माणसाला चार पावलांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा दुसऱ्याने पुढे चालत मुळं, चिखल, आडवी झाडं सांगत जावं.

वल्ह्याबद्दल लोक फार उदासीन असतात, याचं मला नवल वाटतं. कनूचं वजन पोर्टेजवर सोसायचं असतं, वल्ह्याचं दिवसभर. मिनिटाला ४० फटके धरले तर सहा तासांत १४,४०० होतात. लाकडी वल्हं ७०० ग्रॅमचं आणि कार्बनचं ३५० ग्रॅमचं असेल, तर दिवसभरात पाच टन कमी उचललेत. हजारो रुपये कनूवर घालण्याआधी वल्हं बदलून पाहा. बसून वल्हवत असाल तर वाकड्या दांड्याचं घ्या. मिनेसोटाच्या जीन जेन्सन यांच्यामुळे शर्यतींत रुळलेली ही चीज आहे. फटक्याच्या शेवटी पातं पाणी वर उचलत बसत नाही, त्यामुळे श्रम वाया जात नाहीत.

खांद्याचा ठणका मात्र वजनापेक्षा सवयीतून येतो. वरचा हात डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि खालचा हात कमरेच्या मागे नेऊ नका. पातं कमरेपाशी आलं की फटका संपला, बाहेर काढा. दंडाने ओढू नका. पाठ आणि पोट वळवा, पाय पुढे कशाला तरी टेकलेले ठेवा. मागे बसून दिशा राखण्यासाठी प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगट पिळत असाल, तर मनगट आणि कोपराला दिवसाला हजारो पीळ पडतात. मोकळ्या तळ्यावर त्याची गरज नाही. आठ-दहा फटक्यांनी दोघांनी एकदम बाजू बदलायची. कनू थोडी नागमोडी जाते, जाऊ द्या.

गुडघे टेकून बसणं स्थिर खरं, पण तासाभराने उठताना पाय नाहीतच असं वाटतं, आणि मुंग्या आलेल्या पायांनी किनाऱ्यावर उतरणं ही पडण्याची रीतसर तयारी आहे. शांत पाण्यावर सीटवर बसा. लाटा आल्या की गुडघे टेका, खाली जाड फोम ठेवा, आणि किनारा दहा मिनिटांवर असताना पुन्हा सीटवर येऊन पाय जागे करा.

थंड पाणी हा यातला एकच भाग असा आहे की जिथे मी सल्ला देत नाही, हट्ट धरतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांचं १-१०-१ हे सूत्र पाठ असू द्या: थंडगार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची १० मिनिटं, आणि थंडीने शुद्ध जायला सुमारे १ तास. म्हणजे बुडणारा बहुतेक वेळा गारठून नव्हे, त्याच्या खूप आधी हात निकामी झाल्याने बुडतो, आणि लाईफ जॅकेट अंगात असेल तरच तो तास मिळतो. वयाबरोबर शरीर उष्णता राखण्यात कमी पडतं, शिवाय पहिल्या मिनिटात नाडी आणि रक्तदाब एकदम उसळतात, ते हृदयविकार असलेल्याला जड जाऊ शकतं. म्हणून जॅकेट सीटवर टाकून चालत नाही, बंद लावून अंगात हवं.

सफरीआधी एक चाचणी करा. उबदार, छातीभर पाण्यात, किनाऱ्याजवळ, कोणीतरी पाहत असताना, कनू मुद्दाम उलटवा आणि दोघांनी बाहेरून पुन्हा चढून दाखवा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर लाजायचं कारण नाही, फक्त यापुढे तळं मधोमध ओलांडायचं नाही. किनाऱ्यालगत, सहज पोहून जाता येईल एवढ्याच अंतरावरून जायचं, मग फेरा कितीही पडो. मोठ्या तळ्यांवर वारा बहुधा दुपारी उठतो, तेव्हा पहाटे निघायचं आणि दुपारी दोनच्या आत तंबू. संध्याकाळची तिरपी चमक मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यांना काही दिसू देत नाही, तोही हिशेब त्यातच भागतो.

डोळ्यांवरून आठवलं. प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून पोर्टेजवर चालू नका. त्याचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाखालची जमीन धूसर दिसते आणि खोलीचा अंदाज चुकतो. चालताना फक्त लांबचा चष्मा, नकाशासाठी वाचायचा वेगळा, दोन्हींना दोरी, आणि एक जादा जोड दुसऱ्या सॅकमध्ये. औषधांचंही तसंच: दोन पूर्ण संच, दोन वेगळ्या सॅकमध्ये, पाणी न शिरणाऱ्या डब्यांत.

औषधांबद्दल तीन गोष्टी डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला मार लागल्यावर ‘बरं वाटतंय’ म्हणून पुढे जायचं नाही. तिथे सफर संपली, मदत मागवायची. त्यासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवंच, आणि ते दोघांनाही चालवता यायला हवं. बीटा-ब्लॉकर घेत असाल तर नाडीवरून श्रम मोजू नका, ती गोळीने दाबलेली असते. वल्हवताना सलग बोलता येतंय का, तेवढं पाहा. आणि तिसरं, जे सर्रास होतं: सांधे दुखले की आयबुप्रोफेन. रक्तदाबाची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि वर आयबुप्रोफेन, त्यात दिवसभर पाणी कमी पिणं, हे मूत्रपिंडांवर भारी पडतं. वय वाढलं की तहान मंदावते, म्हणून तहानेची वाट न पाहता घड्याळावर प्या. रात्री उठावं लागेल, लागू दे. तंबूचे ताण दिलेले दोर चकाकत्या फितीचे असू द्या, डोक्यावरचा दिवा उशाशी.

मुक्कामाबद्दल फार लिहीत नाही. जाड गादी घ्या आणि पाठ टेकायची खुर्ची घ्या. वजन काटेकोर मोजणारे लोक त्या किलोभराला हसतील. रात्रीची झोप आणि जमिनीवरून न उठावं लागणं, या दोन गोष्टी दुसऱ्या दिवशीच्या पायांत दिसतात. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी मुक्काम हलवायचाच नाही, रिकामी कनू घेऊन फिरायचं.

तयारी निदान तीन महिने आधी. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, सॅक पाठीवर घेऊन जिने, दोन्ही हातांत जड पिशव्या धरून चालणं, रबरी पट्टी दाराला बांधून खांदा बाहेरच्या दिशेने फिरवणं. दात घासताना एका पायावर उभं राहणं कंटाळवाणं आहे, पण ओल्या दगडावर तेच कामी येतं. आहारात प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, मूत्रपिंडाचा विकार नसेल तर.

मार्ग निवडायला वाव भरपूर आहे. पोर्टेज नकोच असतील तर कॅनडातली युकॉन नदी: व्हाइटहॉर्स ते डॉसन हा सातशे किलोमीटरहून मोठा टप्पा एकही सक्तीचं पोर्टेज नसलेला, आणि प्रवाह तुमच्या बाजूने, पाणी मात्र बर्फाळ, तेव्हा वरचा हट्ट दुप्पट. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली बोवरन तळ्यांची ११६ किलोमीटरची फेरी लोक चाकाच्या गाड्यावर कनू ठेवून करतात. त्याच प्रांतातल्या मर्टल तळ्यावर अडीच किलोमीटरचं, म्हणजे माझ्या आडाख्याहून लांब, पण एकच पोर्टेज आहे, पुढे आठवडाभर मोटारबोटीचा आवाज नाही. बाउंड्री वॉटर्समध्ये मात्र बहुतेक पोर्टेजवर चाकांना बंदी आहे, तिथे एकाच तळ्यावर मुक्काम ठोकणं उत्तम.

उदाहरणं हवी असतील तर आहेत. व्हर्लन क्रुगर यांनी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं आणि साठीच्या मध्यावर उत्तर ध्रुवीय महासागराकडून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न गाठलं. डेल सँडर्स यांनी २०१५ मध्ये ८०व्या वर्षी अख्खी मिसिसिपी वल्हवली आणि २०२२ मध्ये ८७व्या वर्षी पुन्हा. पण त्यांच्याकडे पाहून मार्ग ठरवू नका. ती माणसं अपवाद आहेत.

थांबायचं कधी, हे वयावरून ठरत नाही. मी दोन गोष्टी पाहतो. एका रात्रीच्या झोपेनंतर माणूस काल सकाळइतका परतला का? आणि अडचणीत त्याचा जोडीदार त्याला पाण्याबाहेर काढू शकेल का? पहिल्याचं उत्तर सलग दोन दिवस ‘नाही’ आलं तर रोजचं अंतर निम्मं करा. दुसऱ्याचं ‘नाही’ असेल तर दोघांनीच जाणं बंद करा आणि चौघांत, दोन कनूंनी जा. हे बोलणं घरी, नकाशा समोर ठेवून व्हायला हवं. पोर्टेजच्या मध्यावर दमलेले असताना दोघंही खोटं बोलतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर यंदा हलकी कनू विकत घेऊ नका, आठवडाभर भाड्याने घ्या आणि वर लिहिलेली उतरण्याची रीत तिच्यावर करून पाहा. जुनी कनू ज्या तळ्याच्या काठापर्यंत गाडी जाते तिथे अजून बरीच वर्षं चालेल, ती काढून टाकू नका. आणि दिवसाआड मागची जागा वहिनींना द्या. दिशा राखणाऱ्याचा खांदा एकाच तऱ्हेने भरून येतो, अदलाबदलीने दोघांचेही सुटतात. मात्र पुढे बसून मागच्याला सूचना देत राहायचं नाही. माझ्या पाहण्यात गुडघेदुखीपेक्षा त्यावरून मोडलेल्या सफरी जास्त आहेत.